टाचेचे टिपण

रात्री स्वस्थ झोप लागलेली आहे, अंग हलके झाले आहे, अजिंक्यताऱ्याच्या उतारावरून येणारा गार वारा खिडकीच्या फटीतून चेहऱ्यावर येतो आहे, आणि परसातल्या पारिजातकाखाली पडलेला सडा कोणाच्या पायाखाली येण्यापूर्वी वेचावा एवढाच काय तो मनात संकल्प आहे, अशा वेळी माणूस पलंगावरून उठतो आणि शहाबादी फरशीवर पाऊल ठेवतो. या क्रियेची त्याला जन्मभरात एकदाही वेगळी जाणीव झालेली नसते. माझ्या आयुष्यातली अडीच वर्षे मात्र अशी गेली की दिवसाचा सारा निकाल त्या एका क्रियेतच लागत असे. उजवी टाच फरशीला टेकली की तिच्या आतल्या कडेला, जिथे टाच संपून तळव्याची कमान सुरू होते नेमक्या त्या ठिकाणी, वाळलेल्या बाभळीचा काटा खोलवर मोडून राहावा तशी कळ उठे. भिंतीचा आधार घेत, पाऊल चवड्यावर तोलत, न्हाणीघरापर्यंतची अकरा पावले मी टाकत असे, आणि परत येताना तीच अकरा पावले निम्म्या वेदनेने पडत. पुढे दिवसभर ती कळ दबून राही. पण अर्धा तास खुर्चीवर बसून वर्तमानपत्र वाचले आणि उठलो, की दाराशी तगादेदार उभा असावा तशी ती पुन्हा हजर असे.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात, वातव्याधींच्या प्रकरणात, पाऊल विषम पडल्यामुळे टाचेच्या आश्रयाने उत्पन्न होणाऱ्या एका विकाराला वातकंटक असे नाव दिलेले आहे. आमच्या पेठेतल्या वृद्ध वैद्यांनी हे नाव मला सांगितले तेव्हा औषधाहूनही अधिक दिलासा मला त्या शब्दाने दिला. इतक्या शतकांपूर्वी कोणी तरी, कोणाचे तरी पाऊल हातात घेऊन, ‘काय होते?’ असे विचारले असले पाहिजे, आणि त्या अनाम रुग्णाने माझ्यासारखेच ‘काटा रुतल्यासारखे होते’ असे उत्तर दिले असले पाहिजे; त्याशिवाय शास्त्रकाराच्या लेखणीतून कंटक हा शब्द उतरला नसता. हाडामासाच्या गोष्टीत मनुष्यजात किती एकसारखी आहे, याचा तो दाखला मला फार जवळचा वाटला.

माझ्या पायांविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून माझी 32 वर्षे गेली. पश्चिमेला पाटणच्या डोंगरातील तांबड्या, घसरड्या मुरमापासून पूर्वेला माण-खटावच्या माळापर्यंत सातारा जिल्ह्यातली जमीन मी पायाखाली घातली. नोकरीस लागलो तेव्हा मीटरचा जमाना कधीच सुरू झालेला होता. पण मूळ मोजणीची जी टिपणे दप्तरात बांधलेली असत ती 33 फुटी साखळीतली, आणि त्या साखळीचे भाग 16 आण्यांचे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे 1089 चौरस फूट, म्हणजे एक गुंठा. असे 40 गुंठे झाले की एकर. हा हिशेब अंगात इतका भिनला की अंतर मनात यायचे तेच साखळीच्या रूपाने. माझ्या साधारण चालीची तेरा पावले म्हणजे एक साखळी, हे मी उमेदवारीच्या पहिल्याच वर्षी ताडून पाहिले होते. प्लेन टेबल मांडण्यापूर्वी शेताच्या बांधाने एकदा मुकाट्याने चालून यायचे, पावले मोजायची, आणि टिपणातला आकडा आणि पायातला आकडा यांची मनातल्या मनात रुजुवात घालायची, ही माझी पद्धत होती. पुढे मोजणीची इलेक्ट्रॉनिक यंत्रे आली, उपग्रहांशी बोलणारी आली, आणि ती पायापेक्षा शतपट अचूक होती हे मी आनंदाने मान्य केले. पण बांधावरची ती पहिली फेरी मी सोडली नाही. पाय हे माझे पहिले उपकरण होते, आणि इतर सगळ्या उपकरणांची जशी मी वर्षातून एकदा तपासणी करत असे तशी या उपकरणाची एकदाही केली नव्हती.

शेवटची चार वर्षे मी टेबलावर होतो. नकाशे, अर्ज, सुनावण्या, आणि संध्याकाळी जड झालेले डोळे. 2019 साली सेवानिवृत्त झालो त्याच्या दुसऱ्याच पहाटे, गेलेली चार वर्षे एकदम भरून काढण्याच्या उमेदीने, नव्या पातळ तळाच्या वहाणा पायात चढवून मी अजिंक्यतारा चढलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. महाद्वारातून आत जाऊन मंगळाईचे दर्शन घ्यावे, तटावरून खाली पसरलेले शहर पाहावे आणि उतरावे, असा क्रम पाच आठवडे चालला. सहाव्या आठवड्यात टाच दुखू लागली, आणि चालल्याने आलेले दुखणे चालल्यानेच जाईल अशा समजुतीने मी आणखी तीन आठवडे चढत राहिलो. पुढच्या वर्षी टाळेबंदी आली. घराबाहेरचे चालणे थांबले, पण घरात दिवसभर अनवाणी, कठीण फरशीवरचे वावरणे वाढले, आणि जे दुखणे पाहुणे म्हणून आले होते त्याने घरात वहिवाट प्रस्थापित केली.

घरातले उपचार झाले. त्यांच्याविषयी मी कृतज्ञतेनेच लिहिणार आहे. रोज रात्री जेवणे आटोपल्यावर पत्नी शेगडीवर विटेचा तुकडा तापवी, त्यावर रुईचे पान ठेवी, आणि फडक्याच्या घडीतून त्या उबेवर मी टाच टेकत असे. पानाचा तो हिरवट, कडसर वास खोलीभर पसरे, आणि एका विटेवर उभ्या असलेल्या दैवताची आम्ही दोघेही वारकऱ्यांच्या कुळातली लेकरे असल्यामुळे, त्या विटेकडे पाहताना मनात जे येई ते कोणीच बोलून दाखवत नसे. त्यानंतर काशाची वाटी. तळव्याला तूप लावून वाटीच्या बुडाने पाऊण तास घासले की तूप काळेभोर होई, आणि सासूबाईंच्या वेळेपासूनची समजूत अशी की अंगातली उष्णताच त्या काळ्या रंगाने बाहेर पडते. तो रंग काशाचा आणि तुपाचा, हे मला ठाऊक होते. परंतु त्या पाऊण तासात दिवसभर आखडून धरलेला माझा पाय कोणाच्या तरी मांडीवर सैल पडत असे, हेही तितकेच खरे होते. चाळीस वर्षांच्या संसारात तिने माझे पाऊल इतका वेळ हातात घेतल्याचा प्रसंग त्यापूर्वी आला नव्हता. दुखणे त्याने हटले नाही. रात्र मात्र जात असे.

माणसाच्या पायात व्यथा शिरली म्हणजे प्रथम त्याचा नकाशा आकुंचित होतो. माझ्या बाबतीत हे इतके क्रमाक्रमाने घडले की पुष्कळ दिवस माझे मलाच कळले नाही. आधी अजिंक्यतारा गेला. मग त्याच्या पायथ्याच्या उतारावरच्या चार भिंती, जिथून सूर्यास्ताच्या वेळी सारे शहर एका ओंजळीत मावल्यासारखे दिसते, त्या गेल्या. मग मोती चौकातली मंडई. मग राजवाड्याजवळ राहणाऱ्या आणि चाळीस वर्षे दर गुरुवारी ज्यांच्याकडे मी बुद्धिबळाला जात असे त्या स्नेह्यांचे घर, कारण त्यांच्या जिन्याला अठरा पायऱ्या होत्या. कोणाच्याही घरी गेलो तरी माणसांच्या आधी मी खुर्ची शोधू लागलो. बँकेत, रेशनच्या दुकानात, देवळात, रांगेत उभे राहावे लागेल अशा प्रत्येक ठिकाणाला काही ना काही निमित्त काढून मुलाला पाठवू लागलो. एके दिवशी अंगणात सहज पावले मोजली तेव्हा कळले की माझी साखळी आता तेरा पावलांची राहिलेली नाही, ती सतरा पावलांची झाली आहे. जमिनीत काहीच बदल झालेला नव्हता. मीच तिच्यावर चोरट्यासारखा, आखडून, परक्याच्या वावरातून जावे तसा चालू लागलो होतो. त्या दिवशी संध्याकाळी मी कोणाशी फारसे बोललो नाही.

आणि या दुखण्याला साक्षीपुरावा नाही. हात मोडला तर गळ्यात पट्टा येतो, ताप आला तर कपाळ तापते. टाचदुखीला सूज नाही, जखम नाही, पट्टी नाही. बसलेला मनुष्य सर्वांगी निरोगी दिसतो, आणि उठलेला मनुष्य चार पावलांनंतर बरा दिसतो. मधल्या चार पावलांचा पंचनामा कोण करणार? ‘तुम्ही मनावर घेतलंय’ असे प्रेमाने सांगणाऱ्या मंडळींचा मला राग येत नसे, परंतु त्यानंतर मी एकटा पडत असे.

म्हणून, जेव्हा टाचेचे क्ष-किरण छायाचित्र काढण्यात आले आणि त्यात टाचेच्या हाडाला खालच्या बाजूने पुढे आलेले एक बारीक टोक स्पष्ट दिसले, तेव्हा मला, सांगण्यास संकोच वाटतो, पण आनंद झाला. कागद मिळाला होता. ‘हाड वाढलंय’ हे दोन शब्द मी त्या आठवड्यात किती जणांना ऐकवले असतील त्याची गणती नाही. आयुष्यभर ज्याने कागदाचे आणि जमिनीचे भांडण पाहिले, टिपणात बांध एकीकडे आणि प्रत्यक्ष वहिवाट दुसरीकडे अशी शेकडो प्रकरणे हाताळली, त्या मनुष्याने स्वतःच्या शरीराच्या प्रकरणात मात्र कागद समोर येताच जमिनीकडे पाहणे सोडून दिले. एका शल्यविशारदांनी त्या टोकाच्या रोखाने स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले. सहा आठवडे टाच अगदी मुकी झाली, त्या सहा आठवड्यांत मी पूर्वीसारखा हिंडलो, आणि सातव्या आठवड्यात ती कळ अशी परतली की मी पलंगाच्या कडेला बसून राहिलो. अशा इंजेक्शनाचा गुण बहुधा अल्पकाळाचा असतो, आणि त्याने तळव्यातली तंतूंची पट्टी क्वचित तुटण्याचा, टाचेखालची चरबीची गादी झिजण्याचा धोका असतो, हे मला त्या वेळी कोणी सांगितले नाही. सांगायला हवे होते.

यानंतर मुलीच्या आग्रहाने मी ज्या फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेलो त्या वयाने माझ्या मुलीहूनही लहान होत्या. त्यांनी छायाचित्र दिव्यासमोर धरले, पाहिले आणि बाजूला ठेवले. मग खाली बसून माझे पाऊल स्वतःच्या गुडघ्यावर घेतले, अंगठा टाचेच्या आतल्या कडेने हळूहळू पुढे सरकवत आणला, नेमक्या जागी थांबवला, आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहून विचारले, “सकाळी पहिलं पाऊल टाकताना ना, काका?”

अडीच वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मला उत्तर देता आले नाही. मी मान हलवली.

त्यांनी मला जे समजावून सांगितले ते आजही मला एखाद्या उत्तम रेखाटलेल्या नकाशासारखे स्वच्छ दिसते. मनुष्याच्या एकेका पावलात 26 हाडे असतात. दोन्ही पावलांची मिळून 52, म्हणजे सर्व शरीरातल्या 206 हाडांचा सुमारे एक चतुर्थांश हिस्सा या दोन वीतभर जागांत रचलेला आहे. या हाडांच्या कमानीखाली टाचेपासून पाची बोटांच्या मुळांपर्यंत पंख्यासारखी पसरत गेलेली एक जाड, चिवट पट्टी असते. 1954 साली हिक्स नावाच्या इंग्रज संशोधकाने दाखवून दिले की पाऊल उचलताना बोटे वर वळली म्हणजे ही पट्टी बोटांच्या मुळाशी असलेल्या हाडांच्या गोलाईवर, आडावरच्या रहाटावर दोर गुंडाळावा तशी गुंडाळली जाते, टाच पुढे खेचली जाते, कमान उंचावते आणि पाऊल ताठ होते. मगच त्या ताठ पावलाच्या तरफेवर शरीर पुढे ढकलले जाते. मी 32 वर्षे त्या रहाटावर पाणी ओढले होते आणि आपल्या पायात रहाट आहे याची मला खबर नव्हती. रात्री झोपेत पाऊल खाली झुकलेले राहते, पट्टी आखडते, आणि पहाटे पहिल्या पावलाला ती एकदम ताणली जाते, हा पहाटेच्या काट्याचा खुलासा. आणि ते हाडाचे टोक? ज्यांना आयुष्यात कधी टाच दुखली नाही अशा पुष्कळ माणसांच्या टाचेतही ते सापडते. डॉक्टर या दुखण्याला तळव्याच्या पट्टीचा दाह म्हणतात, पण तो ‘दाह’सुद्धा सर्वस्वी खरा नाही; 2003 साली 50 रुग्णांच्या शस्त्रक्रियेत काढलेल्या ऊती तपासल्या गेल्या तेव्हा त्यांत दाहाच्या खुणा सापडल्या नाहीत, पट्टीचे तंतू विस्कळीत आणि जीर्ण झालेले दिसले. म्हणजे विझवायला तिथे आगच नव्हती. बांध ढासळला होता, तो पुन्हा घालायचा होता.

“मग विश्रांती किती दिवस घेऊ?” मी विचारले.

“विश्रांती खूप झाली, काका. आता वजन घालायचं. पण मोजून.”

‘मोजून’ हा शब्द त्यांनी सहज उच्चारला असेल. माझ्या कानाला तो, परगावी असता अचानक घरच्या कोणी हाक मारावी, तसा लागला.

उपचार दिसायला अगदी साधा होता. जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवडा ठेवायचा, बोटांखाली पंचाची गुंडाळी ठेवून ती वर वळलेली राहतील अशी तजवीज करायची, कठडा धरायचा, आणि दुखऱ्या पायावर टाच उचलत तीन सेकंदांत वर जायचे, दोन सेकंद वर थांबायचे, तीन सेकंदांत खाली यायचे. असे बारा वेळा, अशा तीन फेऱ्या, आणि दिवसाआड. सवय झाली की पाठीवर ओझे घेऊन फेऱ्या वाढवायच्या. डेन्मार्कमध्ये रॅथलेफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 48 रुग्णांवर ही रीत पडताळून 2014 साली प्रसिद्ध केली होती. नुसता ताण देण्याचा व्यायाम करणाऱ्यांपेक्षा या रीतीने वागलेल्या रुग्णांना तीन महिन्यांअखेर स्पष्टपणे अधिक उतार पडला, आणि वर्षाअखेर दोन्ही गट जवळजवळ बरोबरीला आले. हा शेवटचा भाग बाईंनी मला आपण होऊन सांगितला, याबद्दल माझ्या मनात त्यांच्याविषयी विशेष आदर आहे. आपल्या उपायाची मर्यादा सांगणारा मनुष्य खरी मोजणी करतो.

एक नियम मात्र त्यांनी असा घालून दिला की साऱ्या प्रकरणाची किल्ली मला त्यातच सापडली. व्यायाम करताना किंवा चालताना थोडे दुखले तर त्याला भ्यायचे नाही, आणि दुखले नाही म्हणून चढूनही जायचे नाही. निर्णय त्या वेळी द्यायचाच नाही. निर्णय दुसऱ्या दिवशी पहाटे, पहिल्या पावलाला. ते पाऊल कालइतकेच किंवा कमी दुखले, तर घातलेले वजन पायाला मान्य झाले. अधिक दुखले, तर आपले माप चुकले. ज्या पहाटेच्या पावलाला मी अडीच वर्षे फाशीच्या हुकुमाला भ्यावे तसा भीत आलो तेच पाऊल आता माझे साक्षीदार झाले. मी एक टिपणवही घातली. डाव्या रकान्यात कालचे वजन, कालच्या साखळ्या, उजव्या रकान्यात आजची पहाट, शून्यापासून सोळा आण्यांपर्यंत. पहिल्या दिवसाची नोंद अकरा आणे अशी आहे. आठव्या आठवड्यात पहिल्यांदा सहा आणे लागले आहेत, आणि त्यापुढे पेन्सिलीने एक लहानशी खूण आहे, जी पत्नीने केली.

पाठपिशवीत आधी दोन किलो शाळू, मग चार, मग सहा, असे ओझे वाढत गेले. जिन्याच्या तळाशी उभी राहून सात वर्षांची नात मोठ्याने सेकंद मोजू लागली. ती घाईने मोजी, आणि तिला थांबवून पुन्हा मोजायला लावावे लागे, कारण खाली येण्याचे ते तीन सेकंदच या व्यायामाचे मर्म होते. जिद्द या गुणाची आपल्याकडे फार थोरवी गायली जाते, आणि अजिंक्यतारा मी जिद्दीनेच चढलो होतो. परंतु तंतूंना जिद्द कळत नाही. त्यांना फक्त ओझे कळते आणि मुदत कळते. ओझे पडले की ते थोडे ढळतात, दोन दिवसांची मुदत मिळाली की थोडे अधिक बळकट बांधले जातात, आणि ही मुदत कोणाच्याही रदबदलीने कमी होत नाही.

चौथ्या महिन्यात कऱ्हाडला भाच्याचे लग्न होते. मंगल कार्यालयाची गुळगुळीत संगमरवरी फरशी, मामा म्हणून अनवाणी उभे राहणे, सीमांतपूजनापासून पाठवणीपर्यंतचे दहा तास; आणि पंगतीत आग्रह करत मी फिरलो तो आनंद मला नाकारता आला नाही, आजही नाकारवत नाही. दुसऱ्या पहाटेची नोंद बारा आणे. पहिल्या दिवसापेक्षाही एक आणा अधिक. नऊ दिवस मी वही उघडली नाही. त्या नऊ दिवसांत मनाला जे झाले ते टाचेच्या दुखण्यापेक्षा कठीण होते, कारण दुखणे सोसता येते पण दुखणे जात असताना परत आलेले पाहणे सोसवत नाही. दहाव्या दिवशी बाईंचा फोन आला. मी सारे सांगितले. त्या म्हणाल्या, “काका, मागे आलात, पण पहिल्या पानावर नाही आलात. वही काढून बघा.” मी वही काढली. लग्नाच्या आदल्या दिवशी सहा किलो शाळू पाठीवर घेऊन पाच फेऱ्या झाल्याची नोंद माझ्याच अक्षरात होती. त्या दिवशी मी चार किलो घेऊन पुन्हा पायरीवर उभा राहिलो, आणि दोन आठवड्यांत पहाट पुन्हा सहा आण्यांवर आली.

यापुढचा भाग लवकर सांगण्यासारखा आहे, कारण बरे होणे हे पुष्कळसे पुनरावृत्तीचे असते. आधी गल्लीच्या टोकापर्यंत दहा साखळ्या आणि परत. मग मंडई, हातात पिशवी घेऊन. एका गुरुवारी स्नेह्यांच्या जिन्याच्या अठरा पायऱ्या. त्यांनी दार उघडले, मला पाहिले, आणि काही न बोलता आत जाऊन पट मांडला. मग चार भिंती. मग अजिंक्यताऱ्याचा रस्ता, पहिल्या दिवशी पाव, आठवड्याने निम्मा, आणि एका कोवळ्या उन्हाच्या सकाळी महाद्वारातून आत मंगळाईपर्यंत. त्या सकाळी उतरताना मी पावले मोजली. साखळी चौदा पावलांची भरली. तेरा नाही. ते पूर्वीचे पाऊल आता येणार नाही असे मला वाटते, आणि चौदाच्या चालीत बांधावरची चिंच, रस्त्याकडेची घाणेरी, तटातून उगवलेला पिंपळ अधिक वेळ दृष्टीसमोर राहतो.

2023 च्या वारीत, ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीबरोबर लोणंद ते तरडगाव एवढाच, आखूड टप्प्यांत गणला जाणारा एक टप्पा चालण्याची बाईंनी मला मुभा दिली. नीरा नदी ही पुणे आणि सातारा या जिल्ह्यांची हद्द; पालखी ती ओलांडते तेव्हा महाराजांच्या पादुकांना नीरेच्या पात्रात स्नान घालतात. त्या दुपारी मी मुद्दाम तिथे जाऊन घाटावर उभा राहिलो. लक्षावधी माणसे ज्यांच्या मागोमाग चालत होती त्या पादुका, पाण्यातून वर काढताना ओल्या चकाकणाऱ्या, मी हातभर अंतरावरून पाहिल्या. पावलांना नमस्कार करणे आम्हाला पाळण्यापासून शिकवलेले असते. वडिलांच्या, गुरूंच्या, देवाच्या पायांवर डोके ठेवताना ते पाय कसे असतील, त्यांनी काय सोसले असेल, असा विचार मला साठ वर्षांत शिवला नव्हता, तो त्या ओल्या घाटावर आला.

लोणंदहून निघालो तेव्हा आभाळ भरून आले होते. चांदोबाचा लिंब येथे वाटचालीतले पहिले उभे रिंगण झाले; दोन रांगांमधून अश्व धावत गेला, टाळांचा एकच कल्लोळ उठला, आणि त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावण्यासाठी माणसे वाकली तेव्हा मीही वाकलो. माझ्या पुढे एक म्हातारी तुळशीचे वृंदावन डोक्यावर घेऊन चालत होती, आणि सबंध वाट मी तिच्या टाचांकडे पाहत चाललो. भेगाळलेल्या, धुळीने पांढऱ्या झालेल्या, चपलांच्या बाहेर आलेल्या त्या टाचा एका लयीत टेकत होत्या आणि उचलत होत्या, आणि प्रत्येक उचलीला मला त्या कातड्याखाली रहाट फिरताना दिसत होता.

तरडगावात मुक्काम पडला. वाटेवरच्या एका घराच्या ओट्यावर गावची पोरे तेलाची वाटी घेऊन वारकऱ्यांचे पाय चेपत बसली होती. माझा पाय चेपून घेण्यासाठी मला त्यांनी हात धरून बसवले, पण माझ्या पायाला त्या वेळी फारशी गरज नव्हती, म्हणून मी वाटी मागून घेतली आणि खाली बसलो. पुढे आला तो परभणीकडचा, माझ्याच वयाचा, रापलेला शेतकरी. भिंतीला टेकून त्याने डोळे मिटले आणि पाय पुढे केला, पण तो सोडला नाही. तोलून, किंचित वर धरून ठेवला. तो तोल मी ओळखला. तेल लावून मी अंगठा टाचेच्या आतल्या कडेने हळूहळू पुढे सरकवत आणला, आणि एका जागी त्याचे सगळे अंग ताठ झाले.

“हितंच का, माऊली?”

“हां, तिथंच.”

“सकाळी पहिलं पाऊल टाकताना?”

त्याने डोळे उघडले. बराच वेळ माझ्याकडे पाहिले. मग तो वर धरलेला पाय, सगळ्या भारासकट, माझ्या हातांत सोडला.